सिग्वार्डरावांचे कुलूप न तोडता मेघगड सर केला, त्याची हकीकत

श्रीसमुद्रदेवता प्रसन्न.

गोथेनबर्ग बंदरी दक्षिण बेटांची नौकामंडळी म्हणून जे थोर संस्थान आहे, तेथील मेघप्रांताच्या सुभेदार यॉर्डीसबाई माल्मक्विस्ट यांनी मध्यउन्हाळ्याच्या सणाचे आदले दिवशी जी मोहीम केली, तिचे वर्तमान कोणी लिहून ठेविले नाही, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते सारे त्याच दुपारी सुटीवर कूच करून गेले, आणि सुटीवर गेलेला असामी त्या मुलखी ऑगस्ट लागल्याखेरीज हाती लागत नाही, सबब बखरकाराने हे लेखन आरंभिले. येथे आरंभीच एक अर्ज. त्या मुलखी राजा आहे, राणी आहे, परंतु कोणी कोणास रावसाहेब म्हणत नाही; काल आलेला कारकून खुद्द दिवाणास अरे-तुरे करितो आणि दिवाण संतोष पावतो. बखरीस हे कैसे मानवावे? तेव्हा किताब आम्ही पदरचे लाविले आहेत, ज्यांस लाविले त्यांनी लाजू नये.

आता मोहिमेचे कारण. यॉर्डीसबाईंच्या मातोश्री आल्फहिल्डबाई तेर्नशेर नामे लहानशा बेटावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कंबर ताठ, जबान तिखट. सणाचे दिवशी थोरल्या स्टूरहोल्म बेटावर पानाफुलांचा खांब उभा राहतो आणि त्याभोवती सारा मुलूख नाचतो, आणि त्या नाचास व्हायोलिन वाजविण्याचा मान आल्फहिल्डबाईंचा, तो त्यांच्या वडिलांपासून चालत आला. गतवर्षी बाई ठेवणीतला झगा घालून, एका हाती व्हायोलिनची पेटी आणि एका हाती स्ट्रॉबेरीचा केक घेऊन आपल्या धक्क्यावर उभ्या राहिल्या, आणि नाव आलीच नाही. ती दुसऱ्याच बेटास गेली होती, जेथे चढावयास काळे कुत्रेही नव्हते. कोणत्या धक्क्यावर किती माणूस जमेल याचा अदमास मेघगडावरून निघावयाचा, तो वेळेत निघाला नाही, आणि मग जुन्याच हुकुमावर नावा सुटल्या. स्टूरहोल्मास लोक कोणाच्या तरी फोनमधल्या गाण्यावर नाचले. केक समुद्रपक्ष्यांनी खाल्ला. मातोश्रींनी घरी जाऊन व्हायोलिनच्या तारा उतरविल्या आणि लेकीस फोन करून जाब पुसला.

"एवढा मोठा ढग सांभाळतेस म्हणे तू. त्या ढगातून तुला स्वतःची आई दिसली नाही होय गं?"

"आई, अगं, तसं नसतं ते—"

"पुढच्या वर्षीही बोट नाही आली ना, तर व्हायोलिन भिंतीला. कायमचं. मग नाचा फोनवर."

हा घाव यॉर्डीसबाईंच्या काळजात वर्षभर राहिला. कोणी म्हणेल, एखाद्या तांडेलास कानात सांगून नाव तेर्नशेरकडे वळवावी, त्यात काय मोठे? ऐसे म्हणणारा त्या मुलखी आठ दिवसही राहिलेला नाही. आपल्या आईकरिता नाव वळविणे म्हणजे रांग मोडणे, आणि रांग मोडणाऱ्यास तेथे तुरुंग नाही, त्याहून भारी शिक्षा आहे. कोणी काही बोलत नाही, नुसते पाहतात. तेव्हा नाव यावी तर ती रीतसर अदमासाने, सर्वांबरोबर, हाच एक मार्ग राहिला.

मेघगड, ज्यास टोपीकर क्लाउड म्हणतात, तो काय, हेही लिहिणे प्राप्त. हा गड कोठे आहे हे खुद्द सुभेदारासही ठाऊक नाही. नौकामंडळीने तो भाड्याने घेतला आहे. त्यावर एक छावणी, आणि छावणीत स्वार, म्हणजे हिशेब करणारी यंत्रे. मौज ही की फौज कायमची नाही. वेशीवर काम साचले की छावणी आपसूक ताणते आणि दूरदूरचे स्वार बोलाविते, आणि काम सरून स्वार माश्या मारू लागले की त्यांस आपसूक रजा देते. किमान किती स्वार खडे ठेवावे, कमाल किती बोलवावे, त्यांच्या खोगिरावर कोणता सरंजाम चढवावा, किती वेळ रिकामे बसले म्हणजे घरी धाडावे, हे ठरविणे ती बाईंची सुभेदारी. दहा सरदारांची कामे एकदम शिरावी आणि कोणी कोणाची वाट पाहू नये, ऐसी त्या छावणीची थोरवी. नेमकी तीच थोरवी मंडळीस पचली नाही.

कारण ऐसे की मेघगड येण्यापूर्वी कचेरीच्या तळघरात एक जुने यंत्र होते, त्यावर एका वेळी एकाचेच काम चाले. तेव्हा दिवाण राग्नवाल्डपंत एर्न यांनी आपल्या इमारतीच्या धुलाईघरातली जुनी पाटी आणून कॉफीघराच्या भिंतीवर ठोकिली. त्या मुलखी सारी इमारत एकाच धुलाईघरात कपडे धुते, आणि पाटीवर ज्या वेळेपुढे ज्याने आपले लहानसे कुलूप अडकविले ती वेळ त्याची. तख्ते उलथतील, परंतु दुसऱ्याच्या कुलपाच्या वेळी कोणी एक मोजा धुणार नाही. पुढे यंत्र भंगारात गेले आणि मेघगड आला. यॉर्डीसबाईंनी व्याख्याने दिली, चित्रे काढून दाखविली की बाबांनो, आता छावणी ताणते, सारे एकदम शिरा. मंडळींनी माना डोलाविल्या, फार उत्तम म्हणून वाखाणणी केली, आणि मग खाली जाऊन निमूट आपापली कुलुपे लाविली. बाईंची बैठक वरच्या मजल्यावर, त्या कॉफी आपल्या मेजावर घेणाऱ्या. त्यांस वाटले, पाटी आता शोभेची राहिली. गतवर्षीचा घात स्वार कमी पडल्यामुळे जाहला, ऐसीच त्यांची समजूत होती.

सबब यंदा त्यांनी जय्यत तयारी केली. साऱ्या गडावर मिळून किती स्वार असावे याची हद्द राग्नवाल्डपंतांनी मागेच बैठक घेऊन बेताची ठरविली होती, फार नको आणि कमीही नको, हा त्या मुलखीचा मूलमंत्र. ती हद्द बाईंस ओलांडता येईना. तेव्हा त्यांनी हद्दीपर्यंतचे सारे स्वार पहाटेपासूनच छावणीत खडे केले, त्यांच्या खोगिरावर भरती-ओहोटीचे आणि वाऱ्याचे ताजे तक्ते चढविले, आणि आपल्या पडद्यापुढे मांडी ठोकून बसल्या. कचेरी त्या दिवशी दुपारपर्यंतच. भोजनाची घंटा होताच तांडेलांस हुकूम जावयाचा, त्यापूर्वी अदमास निघाला तर निघाला. पडद्यावर पाहतात तो फौज खडी, घोडे खिंकाळताहेत, आणि वेशीवर चिटपाखरू नाही. एक घटका गेली, दुसरी गेली. मग बाई जिना उतरून खासा कॉफीघरात आल्या.

तेथे अदमास काढणाऱ्या सरदार मायकेनबाई, स्वभावे गाईहून गरीब, हाती कॉफीचा पेला घेऊन पाटीकडे पाहत शांत बसल्या होत्या.

"मायकेन, अंदाज निघाला का गं?"

"नाही अजून. थांबलेय."

"कुणासाठी?"

"सिग्वार्डसाठी. त्याचं कुलूप आहे ना."

यॉर्डीसबाईंनी पाटीकडे पाहिले. तिकीटखात्याचे सरदार सिग्वार्डराव रास्क यांचे पितळी कुलूप सकाळच्या साऱ्या वेळेवर ठाण मांडून बसले होते, आणि त्याखाली चिठ्ठ्या डकविल्या होत्या. एकीवर लिहिले होते की ज्यांचे कुलूप आहे त्यांनी इतरांचाही विचार करावा, कळावे, एक सहकारी. आणि दुसरीवर नुसता हसरा चेहरा होता, तो पहिलीहून जास्त रागावलेला दिसे.

"अगं पण सिग्वार्ड कालच गेला ना बेटावर! आत कुणीच नाहीये!"

"हो, गेला खरा," मायकेनबाई म्हणाल्या. "पण पाळी सोडली असं सांगून नाही ना गेला."

"अर्धा तास कोणी आलं नाही तर पाळी जाते. तुमच्याच पाटीवर लिहिलंय खाली."

"नियम आहे गं. पण तो कुणी वापरलाय का कधी?"

बाई मेजाशी सरकल्या. त्यांनी हळूच पुसिले, "गेल्या वर्षी पण अशीच थांबली होतीस?"

"गेल्या वर्षीही सिग्वार्डच होता," मायकेनबाई म्हणाल्या. "तू विचारलं नाहीस. आणि सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं."

तेव्हा यॉर्डीसबाईंस सारा उलगडा जाहला. स्वार कमी नव्हतेच. मंडळी वेशीबाहेर अदबीने थांबत होती, आणि जो वेशीशी आलाच नाही तो छावणीस दिसत नाही, आणि न दिसलेल्याकरिता छावणी ताणत नाही. आई धक्क्यावर भिजत उभी राहिली ती एका विसरलेल्या कुलपापायी! बाई संतापाने लाल जाहल्या, त्यांनी खणातली पक्कड काढिली आणि कुलपास लाविली. तोच कॉफीघरातले सारे चमचे थांबले. कोणी काही बोलले नाही, नुसते पाहिले. बाई झाल्या तरी त्याच मातीच्या. हात आपसूक मागे आला आणि पक्कड खणात गेली.

मग सामोपचार आरंभिला. प्रथम सिग्वार्डरावांकडे जासूद धाडिला, म्हणजे फोन केला. तो शेजारच्या दालनात त्यांच्याच मेजाच्या खणातून वाजला, कारण सुटीत फोन नको ऐसा त्यांचा नेम. मग बाई दिवाणांपुढे गेल्या आणि गाऱ्हाणे मांडिले की कुलूप काढण्याची परवानगी व्हावी. राग्नवाल्डपंत मोठे न्यायी, आजवर त्यांनी कोणास नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. त्यांनी तत्काळ कॉफीची बैठक बोलाविली, दालचिनीचे पाव मागविले, आणि मेजाभोवती एकेकाचे मत पुसिले. कोणी विरोध केला नाही, कोणी पुढाकार घेतला नाही. अखेर ठराव जाहला तो ऐसा: की प्रश्न महत्त्वाचा आहे, की सिग्वार्डरावांच्या भावनांचा मान राखावा, की ऑगस्टात एक समिती नेमावी, आणि की यंदाचे पाव गतवर्षीहून चांगले आहेत. शेवटच्या कलमावर सर्वांचे एकमत जाहले.

बाई जिन्यात येऊन बसल्या. घंटेस फार अवकाश उरला नव्हता, आणि तेवढ्यात मातोश्रींचा फोन आला.

"काय गं, उद्याची बोट येतेय का?"

"बघतेय आई."

"बघ. मी तारा चढवल्या नाहीयेत अजून. खिशात घेऊन धक्क्यावर उभी राहीन. आधी बोट, मग तारा."

"आई, इथे सगळे एका कुलपासमोर उभे आहेत गं. आत ढीगभर जागा आहे आणि एक माणूस शिरत नाही. काय करू मी?"

मातोश्रींनी सारी कथा ऐकून घेतली आणि फोनवर हसल्या. "त्यांना नको सुधारू, म्हातारी होशील. आमच्या बेटावर कधी रांग लागलेली पाहिलीस का?"

"नाही."

"का नाही? आम्ही काय मोठे शहाणे आहोत? अगं, इथे प्रत्येक घराला आपला धक्का आहे. म्हणून भांडण नाही."

इतके ऐकताच यॉर्डीसबाई ताडकन उठल्या, आईस धड निरोपही न देता जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या, आणि मोर्चा मांडिला. मंडळीस शिकवून छावणीत घालणे व्यर्थ, तेव्हा छावणीच मंडळीच्या दारी न्यावी. मूळ छावणीचा नमुना जैसा आहे तैसा घेऊन त्यांनी प्रत्येक सरदाराच्या नावे एकेक निराळी छावणी उभारिली. मायकेनबाईंची एक, हिशेबखात्याची एक, नावांच्या डागडुजीवाल्यांची एक, प्रत्येकीस आपली वेस, आपला सरंजाम, आपले ताणणे आणि आपले आखडणे. परंतु स्वार कोठून आणावे? हद्दीपर्यंतचे सारे तर सिग्वार्डरावांच्या कुलपाआड दाणा खात उभे, त्यांस बाईंनीच पहाटे तेथे खडे केले होते. तेव्हा बाईंनी जुन्या छावणीचे किमान स्वार शून्य, ऐसा हुकूम सोडिला. क्षणात फौज गुपचूप मागल्या दाराने निघाली आणि हद्दीत जागा जाहली. कुलूप भिंतीवर शाबूत, त्यास कोणी नखही लाविले नाही, आणि आतला गड रिता. ऐसी लढाई ना पूर्वी ऐकिली ना पाहिली.

मग बाई खाली धावल्या, पावांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर ठळक अक्षरांनी प्रत्येकाचे नाव आणि नावापुढे स्वतंत्र धुलाईघर ऐसे लिहिले, आणि पुठ्ठा पाटीशेजारी खिळ्याने ठोकिला. मंडळी वाचू लागली आणि चेहऱ्यांवर असा काही दिलासा पसरला की काय सांगावे.

"म्हणजे हे फक्त माझं?" मायकेनबाईंनी विचारिले.

"फक्त तुझं. दुसरं कोणी येणार नाही, तू कुणाच्या आड येणार नाहीस. जा!"

मायकेनबाई मेजाशी बसल्या आणि काम वेशीवर सोडिले. स्वार निघाले, खोगिरे चढू लागली. आणि मग हिशेब मुंगीच्या पावलाने सरकू लागला. यॉर्डीसबाई वाकून पाहतात तो काय, मायकेनबाईंनी कमाल स्वारांच्या जागी आपल्या हाताने दोन असे लिहिले होते.

"दोनच?"

"पुरेत की मला दोन. बाकीच्यांनाही लागतील ना."

"मायकेन!" बाई ओरडल्या, आणि त्या कचेरीत कोणी ओरडल्याचे स्मरण कोणास नाही. "बाकीच्यांना त्यांचं त्यांचं आहे! हे तुझं धुलाईघर आहे, कळलं? चादरी टाक, पडदे टाक, गालिचे टाक, सगळं टाक आत!"

मायकेनबाई कानापर्यंत लाजल्या, इकडे तिकडे पाहिले, आणि मग आयुष्यात प्रथमच पुरे इतके मागितले. तेव्हा छावणी ताणली! ज्या ताणण्याचे चित्र बाई वर्षभर भिंतीवर दाखवीत होत्या ते प्रत्यक्ष पडद्यावर उठले. दूरदूरचे स्वार टापा उधळीत आले, धक्क्याधक्क्यांचे हिशेब रणात पडू लागले, आणि शेजारच्या मेजांवर हिशेबखाते आणि डागडुजीवाले यांचीही कामे सुरू जाहली आणि कोणी कोणाच्या वाटेत आले नाही. राग्नवाल्डपंत दाराशी येऊन उभे राहिले, हाती अर्धा पाव, आणि हे समितीविना कैसे चालले आहे ऐसे पुसावे की न पुसावे या विचारात पडले. तोवर मायकेनबाईंनी मान वर केली.

"तेर्नशेर. एक बाई, एक पेटी. नाव पाठवावी, असं म्हणतंय."

यॉर्डीसबाईंनी ते आकडे स्वतः दोनदा पाहिले, मग डोळे पुसले, मग नाक पुसले, आणि तांडेलांस हुकूम सुटला. तो सुटला आणि भोजनाची घंटा जाहली, आणि कचेरी पाहता पाहता रिकामी जाहली.

दुसरे दिवशी सणास पाऊस होता, तो तेथे असतोच. स्टूरहोल्मावर खांब उभा राहिला, डोक्यावर फुलांचे मुकुट आणि मुकुटांवर छत्र्या घेऊन मुलूख जमला, हेरिंग मासळी आणि नवे बटाटे ताटांत निथळू लागले. कोणी तरी फोन काढून गाणे शोधू लागला. यॉर्डीसबाई धक्क्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या, त्यांच्या जिवात जीव नव्हता. हुकूम गेला हे खरे, परंतु हुकूम गेल्याने नाव येते ऐसे नाही. समुद्रावर धुके, आणि धुक्यात काही दिसेना.

मग आवाज आला. आधी एक तार, खरखरीत, खालच्या सुरात. मग ती थोडी वर चढली, मग दुसरी तिला जुळली. धुक्यातून अजून नाव दिसत नव्हती, परंतु नावेत कोणी तरी व्हायोलिनच्या तारा चढवीत होते, पिळीत होते, जुळवीत होते. यॉर्डीसबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरिले आणि मोठ्याने रडल्या आणि मोठ्याने हसल्या. नाव धक्क्यास लागली. सारे उतारू उतरले, आणि सर्वांत शेवटी आल्फहिल्डबाई, कारण त्या प्रत्येकास आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणत मागे राहिल्या होत्या.

"काय गं, रडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "बोट आली ना? चल, हा केक धर. आणि त्या माणसाला सांग, फोन खिशात ठेव म्हणावं."

मग मातोश्रींनी तारांवर गज टेकविला आणि सारा मुलूख पावसात नाचला, आणि रीतीप्रमाणे बेडकांगत उड्या मारण्याची वेळ आली तेव्हा मेघप्रांताच्या सुभेदार यॉर्डीसबाई सर्वांपुढे होत्या, आणि त्यांच्यामागे दिवाण राग्नवाल्डपंत, ओल्या टोपीसकट, कोणाचेही मत न पुसता उड्या मारीत होते.

येणेप्रमाणे मेघगडची मोहीम फत्ते जाहली, शत्रू कोणी नव्हता आणि रक्त सांडले नाही, थोडी कॉफी सांडली. ऑगस्टात सिग्वार्डराव सुटीहून परतले, पाटीवर आपले कुलूप जागच्या जागी पाहून फार संतोषले, आणि माझी पाळी कोणी घेतली नाही याबद्दल सर्वांचे आभार मानणारी एक चिठ्ठी त्यांनी खाली डकविली. मंडळींनी ती वाचून माना डोलाविल्या. त्यांस त्यांची नवी छावणी दाखवून द्यावयाची आहे, परंतु त्यांस वाईट वाटेल म्हणून अद्याप कोणी सांगितले नाही. हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. काही कमीजास्त असेल तर त्या कुलपास विचारावे, ते अजून भिंतीवर आहे, आणि तेर्नशेरच्या धक्क्यावर यंदा नाव आली होती, यास सारे स्टूरहोल्म साक्षी आहे.